मऊ नको, भरीव हवा: सायकलच्या बुटातला सुखतळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ४६ वर्षांचे, नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात आठ-आठ तास उभ्याने काम करणारे. रविवारी त्र्यंबक रोडला सायकल. दीड वर्षापूर्वी क्लीटचे, म्हणजे तळाला लावलेला तुकडा पेडलमध्ये अडकतो तसे, बूट घेतले आणि नुकतीच पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब सायकलफेरी, पूर्ण केली. पण ७०-८० किलोमीटर झाले की उजव्या चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखं जळतं, मग मधली बोटं बधिर होतात. बूट काढून पाच-दहा मिनिटं बसलं की सगळं गायब. दुकानदाराने जाड जेलचा इनसोल सुचवला. मित्र म्हणतो, माप देऊन बनवूनच घे. तिसरा एक जण म्हणतो, तुझे तळवे सपाट आहेत, सायकल हे तुझं काम नाही. तर कोणता इनसोल घेऊ?

तिसऱ्याचं मनावर घेऊ नका. सपाट तळव्यांची कितीतरी माणसं कसारा घाट चढून येतात आणि वर आल्यावर भजी खातात. दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. मित्राचं कदाचित ऐकावं लागेल, पण आत्ताच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गंगापूर रोडला गेली अठरा वर्षं लोकांचे पाय, गुडघे आणि कंबरा बघते. २०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये सायकलवाले एकदम वाढले. आधी गुडघे घेऊन यायचे. क्लीटचे बूट आले तसे चवडे घेऊन यायला लागले. तुमची तक्रार मी आठवड्याला दोनदा तरी ऐकते, आणि बहुतेकांच्या हातात तो जेलचा इनसोल आधीच असतो.

माझी आजी इनसोलला सुखतळा म्हणायची. शब्द सुरेख आहे, पण सगळा घोळ त्यातल्या ‘सुखा’ने केला आहे. सुख म्हणजे मऊ, असं आपण धरून चालतो.

चालताना टाच टेकते, मग भार पुढे सरकत चवड्यावर येतो आणि पाय उचलला जातो. तळव्याच्या प्रत्येक भागाला पाळीपाळीने विश्रांती मिळते. सायकलवर टाच कशावरच टेकत नाही. बुटात असते, पण तिच्याखाली पेडल नसतं. सगळा भार चवड्यावर, जेमतेम अर्ध्या तळहाताएवढ्या जागेत. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला पाच हजारांवर जातात. २०० किलोमीटरला दहा तास सीटवर काढले, तर एकेका पायाने पन्नास हजार वेळा तीच हाडं त्याच जागी दाबली. यात धक्का कुठेच नाही, नुसता दाब आहे. धक्का सोसायला मऊ लागतं. दाबाला मात्र तो पसरवून देणारं काहीतरी कडक आणि पायाच्या आकाराचं लागतं.

आता तुमचा बूट बघा. तळ कार्बनचा नाहीतर कडक नायलॉनचा, वाकवला तरी वाकत नाही. जोर वाया जाऊ नये म्हणून तो तसा केलेला असतो. त्यावर कंपनीने दिलेला इनसोल म्हणजे तीन मिलिमीटरचा सपाट फोम, बिस्किटाच्या पुड्यातल्या पुठ्ठ्यापेक्षा थोडा बरा. तळवा मात्र सपाट नसतो. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन टेकूंवर तो उभा असतो आणि मध्ये कमान असते. कडक तळ आणि कमान यांच्यामध्ये पोकळी राहते. पेडल दाबलं की कमान त्या पोकळीत बसते, सुटलं की उठते. बसते तेव्हा पाऊल लांब आणि रुंद होतं. चालताना हे होतच असतं आणि व्हायलाही हवं. पण अरुंद, न वाकणाऱ्या बुटात चवड्याला पसरायला जागा नसते. मग चवड्याच्या लांब हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा चिमटीत सापडतात. आधी जळजळ, मग मुंग्या, मग बधिरपणा. पेडल दाबताना गुडघा आत, सायकलच्या वरच्या आडव्या नळीकडे झुकतो, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

जेल यात काय करतं? जिथे दाब जास्त, तिथेच ते दबून पातळ होतं. म्हणजे हाडांच्या खाली, जिथे गरज आहे, तिथे काहीच उरत नाही. कमानीखाली दाब कमी, तिथे ते फुगून बसतं, पण भार पेलत नाही. वर चार-पाच मिलिमीटर जाडी खाऊन आधीच घट्ट असलेला चवडा आणखी आवळतं. दुकानात उभं राहून बघितलं की छान वाटतं, कारण तिथे तुम्ही टाचेवर उभे असता. गादीवर उभं राहून गॅसचा भरलेला सिलिंडर उचलून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

तरीही इनसोल विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. दोन्ही फुकट आहेत. माझ्या अनुभवात जळजळीच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

पहिली बुटाची रुंदी. आतला इनसोल बाहेर काढा, फरशीवर ठेवा, मोजे घालून त्यावर उभे राहा. टाच त्याच्या टाचेशी जुळवा. आता वरून बघा. करंगळीच्या मुळाशी किंवा अंगठ्याच्या मुळाशी पाऊल इनसोलच्या बाहेर ओघळत असेल, पोळीच्या कडेने पुरण बाहेर यावं तसं, तर बूट अरुंद आहे. अशा बुटात जगातला सगळ्यात भारी इनसोल घातला तरी तुमचे पैसे गोदावरीत. ही तपासणी संध्याकाळी करा, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि सत्तराव्या किलोमीटरला तुमचा पाय सकाळचा नसतो, संध्याकाळचा असतो.

रुंदी कमी पडली की आपण एक नंबर मोठा बूट घेतो. ही चूक मीही केली आहे. लांबी वाढते, रुंदी जेमतेम, आणि क्लीटची भोकं चवड्याच्या पुढे सरकतात. काही कंपन्या तोच बूट रुंद चवड्यासाठी वेगळा बनवतात. शिमानोच्या बऱ्याच बुटांत ‘वाइड’ मिळतो, मागवावा लागतो एवढंच. याच जोडीला बूट आवळायचे पट्टे किंवा डायल. पुढचा, बोटांजवळचा पट्टा सैलच ठेवायचा. पाय धरून ठेवायचं काम वरच्या, घोट्याजवळच्या पट्ट्याचं आहे. एप्रिलच्या उन्हात पेगलवाडी फाट्यापर्यंत पोचलात की एकदा थांबा आणि पुढचा पट्टा एक घर सैल करा.

दुसरी गोष्ट क्लीट. नव्या माणसाची क्लीट जवळपास नेहमी पुढे असते, बोटांच्या बाजूला. पेडलचा दांडा चवड्याच्या हाडांच्या डोक्यांखाली किंवा त्यांच्या किंचित मागे यायला हवा. बुटावरून बोटाने चाचपा: अंगठ्याच्या मुळाशी एक उंचवटा लागतो, करंगळीच्या मुळाशी एक. दोन्हींवर पेनने खूण करा. दांडा या दोन खुणांच्या मध्ये यावा, आणि जळजळ असेल तर करंगळीच्या खुणेकडे, म्हणजे मागे. जुन्या जागेभोवती आधी रेघ मारून ठेवा, नाहीतर परतीची वाट राहत नाही. तीन-चार मिलिमीटरच मागे घ्या, टॉर्क पान्यावर पाच-सहा न्यूटन मीटर लावून बोल्ट आवळा. क्लीट मागे गेली की पेडल पायापासून दूर वाटतं, म्हणून सीट एक-दोन मिलिमीटर खाली घ्यावी लागते. एका रविवारी एवढंच बदला, इनसोल नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही.

हे करून जळजळ राहिली, तर मग इनसोल.

इथे बहुतेक जण ओल्या पावलाचा ठसा काढतात. फरशीवर पाय उमटवायचा, पूर्ण उमटला तर सपाट, अर्धा उमटला तर कमानदार. मला या ठशाचा फार भरवसा नाही. कमान भाराखाली किती बसते, ते तो सांगत नाही. त्यापेक्षा हे करा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर अलगद टेकलेला. घोट्याच्या थोडं खाली, पुढे, आतल्या बाजूला एक हाड बोटाला टोचतं. त्यावर पेनाने ठिपका द्या. एक जाड कार्ड जमिनीवर उभं धरून त्या ठिपक्याची उंची कार्डावर नोंदवा. मग उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार, आणि पुन्हा नोंदवा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तुमची कमान किती बसते. पाच-सहा मिलिमीटर असेल तर सोडून द्या. दहाच्या वर गेलं तर तिला आधार हवा.

त्यानंतर चवड्यांवर उभे राहा, टाचा उचलून. सपाट दिसणाऱ्या तळव्याला आता कमान आली का? आली तर पाय लवचिक आहे, तयार इनसोलने काम होईल. नाहीच आली तर पाय ताठ सपाट आहे, तो आधी डॉक्टरांना दाखवा.

आता पोकळी किती आहे ते. यासाठी माझ्याकडे कणीक असते. हसू नका. पोळीची थोडी घट्ट कणीक, लिंबाएवढा गोळा, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत. बुटात कमानीच्या जागी ठेवायचा, बूट नेहमीसारखा आवळायचा, सायकल भिंतीला टेकवून क्लीट अडकवायची, सीटवर बसून पेडल तीन वाजल्याच्या जागी आणायचं आणि ब्रेक दाबून पायाने जोर द्यायचा. मग हळूच पाय काढून गोळा बघायचा. दिंडोरीच्या एका शिक्षकांचं मी असं केलं होतं. डाव्या पायाची कणीक भाकरीएवढी पातळ झाली होती, उजव्याची इडलीच्या कडेएवढी जाड राहिली होती. लहानपणी झाडावरून पडून उजवा घोटा मोडला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं. तोवर तीन दुकानांत त्यांनी दोन्ही पायांना एकच इनसोल घेतला होता. ही प्रयोगशाळेतली मोजणी नाही, पण डाव्या-उजव्यातला फरक ती चटकन दाखवते. घरी परत गेल्यावर त्या कणकेच्या पोळ्या करू नका एवढंच.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. तळवा सपाट म्हणून सर्वांत उंच कमानीचा इनसोल घ्यायचा, असं लोकांना वाटतं. उलट आहे. ज्याची कमान मुळात बुटकी, त्याला उंच आधार म्हणजे पायाखाली दगड. त्याला बुटका पण कडक आधार हवा, जो पायाला आहे त्याहून खाली बसू देत नाही. उंच कमानीच्या माणसाची पोकळी मोठी, त्याचा तळवा फार थोड्या जागेवर टेकतो, त्यालाच उंच आधाराने भरून काढावं लागतं. स्पेशलाइज्डच्या इनसोलमध्ये तीन रंग येतात: लाल बुटक्या कमानीला, निळा मध्यमला, हिरवा उंचला. गिरोच्या ‘सुपरनॅचरल’ संचात इनसोल एकच आणि खाली लावायचे कमानीचे तुकडे वेगवेगळ्या उंचीचे, काढता-घालता येणारे. दिंडोरीच्या शिक्षकांना मी तेच सुचवलं, कारण डाव्याला एक आणि उजव्याला एक तुकडा लावता येतो, दोन जोड घ्यावे लागत नाहीत. मी कोणत्या कंपनीची नाही, उंचीचा पर्याय मिळतो म्हणून ही नावं घेतली. साध्या कंपनीचाही चालतो, खालच्या परीक्षांत उतरला की झालं.

परीक्षा हाताने घ्यायची. इनसोल हातात धरा, कमानीच्या वर अंगठा ठेवून पूर्ण जोर लावा. अंगठा आत गेला, कमान चपटी झाली, तर खाली ठेवा. थोडी लवून परत उठली तर बरोबर. मग त्यावर अनवाणी उभे राहा. कमानीचा सर्वांत उंच भाग तुमच्या तळव्याच्या मधोमध, टाचेकडे किंचित झुकलेला जाणवावा. तो अंगठ्याच्या मुळाला टोचत असेल तर इनसोल तुमच्या पायाला लांब आहे, भले बुटाच्या नंबरचा असेना. बोटं आखूड असलेल्या माणसांचं याच्या उलट होतं, उंच भाग फार मागे, टाचेकडे येतो: पाऊल ४२ नंबरचं, पण टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर ४३ चं. त्यांनी चवड्यावरून नंबर निवडायचा आणि पुढची बोटांकडची कड कापायची.

मग तो बुटात घाला आणि हात आत घालून चारही कोपरे दाबा. एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखा डुगडुगत असेल तर घेऊ नका. रनिंगच्या बुटाचे इनसोल इथे हमखास नापास होतात. त्यांची टाचेची वाटी रुंद असते, सायकलच्या बुटाची टाच अरुंद, आणि खाली गादी असल्याने टाच वर उचलली जाऊन बुटातून सटकते. चवड्याखालची जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. वरचं कापड सिंथेटिक घ्या, चामडं नको. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात चामड्याचं काय होतं ते बघितलं आहे.

बधिरपणा मधल्या बोटांत असेल, तुमच्यासारखा, तर आणखी एक छोटी चीज आहे, मेटाटार्सल बटण. पाण्याच्या थेंबासारखी फुगीर गादी, इनसोलवर चिकटवायची. ती चवड्याच्या हाडांखाली लावायची नाही, त्यांच्या मागे लावायची. हाडांखाली लावली तर खड्यावर उभं राहिल्यासारखं दुखतं आणि लोक म्हणतात बटणाने त्रास वाढला. मागे लावली की हाडं किंचित पसरतात आणि नसेला मोकळी जागा मिळते. जागा सापडेपर्यंत दुहेरी टेपने चिकटवा, दोन-तीन राइड इकडे-तिकडे करा, मग गोंद. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये खडा अडकल्यासारखं वाटत असेल आणि चवडा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, तर ती मॉर्टनची गाठ, म्हणजे बोटांकडे जाणाऱ्या नसेचा जाड झालेला भाग, असू शकते, तिथे बटणाचे प्रयोग न करता हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

बसवताना कंपनीचा जुना इनसोल आधी काढायचा. वर वर रचायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण दर महिन्याला कोणीतरी दोन थर घालून येतो. जुना नव्यावर ठेवून पेनाने रेघ मारा, फक्त पुढून कापा, टाचेला कात्री लावू नका, आणि एका वेळी दोन मिलिमीटरच. कापलेलं परत जोडता येत नाही. नवा इनसोल जुन्यापेक्षा जितका जाड, तितकी सीट वर घ्या, कारण पाय पेडलपासून तितकाच उचलला गेला आहे. कमान उचलली की पाऊल किंचित आखूडही होतं, म्हणून क्लीटची जागा पुन्हा एकदा चाचपून बघा.

आणि घालून लगेच लांब जाऊ नका. यात माझी स्वतःची फजिती झाली आहे. काही वर्षांपूर्वी २०० च्या ब्रेव्हेच्या आदल्या रात्री मी एका दुकानातून उंच कमानीचा नवा जोड आणला. दुकानदार म्हणाला, मॅडम, डोळे झाकून घाला. मी घातला. मी, जी दिवसभर लोकांना नवं काही ब्रेव्हेला घालू नका म्हणून सांगते. सत्तराव्या किलोमीटरला दोन्ही कमानींना रुपयाच्या नाण्याएवढे फोड. घोटीला टपरीवर बसून जोड काढला, जर्सीच्या खिशात कोंबला, आणि टपरीवाल्या मावशींकडून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र मागून त्याच्या घड्या बुटात घातल्या. कसारा उतरून परत चढले ते त्या कागदावर. मावशी म्हणाल्या, बाई, एवढे महागाचे बूट आणि आत रद्दी? म्हणून सांगते: पहिले दोन दिवस घरात अर्धा-अर्धा तास, सायकल जागेवर चालवायचा ट्रेनर असेल तर त्यावर. मग सोमेश्वरपर्यंत जाऊन-येऊन. मग तीस किलोमीटर. सुरुवातीला कमानीखाली काहीतरी आहे, हे जाणवणारच. तिसऱ्या-चौथ्या राइडला विसर पडला पाहिजे. तोवर जाणवत राहिलं, टोचलं, लाल झालं, तर उंची चुकली आहे. एक पायरी खाली या.

पावसाळ्याचं थोडक्यात: भिजून आलात की इनसोल लगेच बाहेर, बुटात कागदाचे बोळे, इनसोल पंख्याखाली उभा करून. उन्हात नको, गाडीच्या काचेमागे नको, गॅसजवळ तर नकोच, कारण गरम करून पायाच्या आकाराचे होणारे इनसोल असेच आकार सोडतात आणि बाकीच्यांचा गोंद सुटतो. पावसातही नियमित चालवणार असाल तर दुसरा जोड ठेवा. इनसोल कधी बदलायचा याला ठरलेली मुदत नाही. वरच्या फोमवर अंगठ्याचा ठसा दाबून सोडल्यावर तो तसाच राहिला की वेळ झाली.

माप देऊन बनवलेला इनसोल कधी? पाय ताठ असेल, जुनं फ्रॅक्चर असेल, दोन्ही पायांत मोठा फरक असेल, किंवा तयार जोडांपैकी दोन प्रामाणिकपणे वापरूनही त्रास राहिला असेल. बनवून घेतलात तर बनवणाऱ्याला सायकलचा बूट सोबत नेऊन दाखवा. चालण्यासाठी असं बनवलेला इनसोल, ज्याला ऑर्थोटिक म्हणतात, सायकलच्या बुटात जात नाही, टाच उंच आणि कडा रुंद असतात. भार घेतलेल्या पायाचं माप घेतात की नुसत्या लोंबत्या पायाचं, हेही विचारा. आणि कोणी म्हणालं की याने तुमची ताकद वाढेल, वॅट वाढतील, तर हसून सोडून द्या. सायकलसाठीच्या ऑर्थोटिकवर जेवढे अभ्यास झाले, त्यांचा एक आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कमानीखाली पाय जास्त जागेवर टेकतो, एवढं त्यात दिसतं. ताकद वाढते असं ठामपणे दाखवणारं त्यात काही नाही. आपण इनसोल घेतो तो जळजळ जावी म्हणून.

क्लीटखाली लावायच्या एक-एक अंशाच्या पाचरी असतात, त्यांच्याबद्दल लोक विचारतात. कोणी जाणकार समोर बसून बघत असेल तरच. घरी अंदाजाने लावल्या तर गुडघा घेऊन माझ्याकडे याल.

एक गोष्ट सायकलबाहेरची. बधिरपणा बूट काढूनही तासभर राहत असेल, रात्री झोपेत दोन्ही तळव्यांची आग होत असेल, तर इनसोल बाजूला ठेवा आणि आधी साखर तपासा. ४६ वय आहे, तपासायला हवीच. मधुमेह असेल तर पायात फोड आलेला पुष्कळदा कळत नाही, आणि मधुमेह असलेल्यांनी कडक इनसोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. मुंग्या कंबरेतून मांडीमागून खाली येत असतील तर गोष्ट कंबरेची आहे, बुटाची नाही. कारखान्यातल्या सेफ्टी शूजमध्ये मात्र तो जेलचा इनसोल खुशाल घाला. तिथे तुम्ही सिमेंटच्या फरशीवर टाचेवर आठ तास उभे असता, तिथे तो उपयोगाचा आहे. दिवसभर थकलेला पायच रविवारी सायकलवर येतो, हे विसरू नका.

राहता राहिला तुमचा उजवाच पाय. दोन्ही बूट एकाच नंबरचे, रस्ता एकच, मग उजवाच का? बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, आणि दुकानात आपण एकच बूट घालून बघतो. दोन्ही पाय संध्याकाळी कागदावर उभे राहून आखा आणि मोजा. दोन्ही क्लीट सारख्या जागी आहेत का, तेही पट्टीने बघा. आणि मला विचाराल तर जुने इनसोल फेकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून उजेडात नीट बघा. दीड वर्षाच्या घामाने त्यांच्यावर तुमच्या पायाचा काळपट नकाशा उमटलेला असतो. उजव्यावर दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली काळा खड्डा आणि अंगठ्याखाली जवळपास काहीच नसेल, तर अंगठा काम करत नाहीये, सगळा भार मधल्या हाडांवर पडतोय. अशा वेळी आधी क्लीट मागे घ्या, पुढचा पट्टा सैल करा, त्र्यंबकला एक फेरी मारून या, आणि मग ते दोन्ही जुने इनसोल पिशवीत घालून घेऊन या. धुऊन आणू नका, धुतले की नकाशा जातो.